रक्तातील आकडा आणि पुढचा निर्णय

यकृताच्या कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण आणि त्याचे आप्त तज्ज्ञासमोर बसतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा रक्ततपासणीचा अहवाल असतो. त्यात एक आकडा असतो आणि निरोगी माणसाच्या रक्तात तो किती असावा, हे शेजारी छापलेले असते. दहाच्या आसपास असावयास हवा तो आकडा कधी चारशे असतो, कधी चार हजार. ‘किती दिवस?’ हा प्रश्न मग कोणीतरी विचारतो. दुसरा प्रश्न सहसा उघडपणे विचारला जात नाही. पण घरी परतताना तोच सर्वांच्या मनात असतो. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढावयाची काय? शेताचा तुकडा विकावयाचा काय? मुलीचे शिक्षण एक वर्ष थांबवावयाचे काय? २०२२ साली जगात सुमारे ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले आणि सुमारे ७ लाख ५९ हजार लोक त्याने दगावले. इतक्या घरांत उभ्या राहणाऱ्या या दोन प्रश्नांपैकी रक्तातील खुणा कशाचे उत्तर देऊ शकतात आणि कशाचे नाही, हे सामान्य वाचकालाही ठाऊक असावयास हवे.

या खुणांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन. गर्भात ते मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि जन्मानंतर त्याचे उत्पादन जवळजवळ थांबते. १९६३ साली मॉस्कोतील गारी आबेलेव व त्यांचे सहकारी यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा आढळले. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी यकृताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या माणसांच्या रक्तातही ते दाखवून दिले. साठ वर्षे उलटली, तरी ही खूण व्यवहारातून गेलेली नाही. आकडा जितका मोठा, तितकी गाठ आक्रमक असण्याची आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक, असे स्थूलमानाने म्हणता येते. तथापि सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत कर्करोग असूनही हा आकडा वाढत नाही; उलट यकृताचा दाह बळावला असता किंवा गरोदरपणात तो कर्करोगावाचूनही वाढतो. साक्षीदार खरा असला, तरी त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही, तो यामुळेच.

याचे मूळ या रोगाच्या स्वरूपात आहे. बहुतेक वेळा ही गाठ निरोगी यकृतात उद्भवत नाही. ब किंवा क प्रकारची संसर्गजन्य कावीळ, मद्य किंवा साठलेली चरबी यांनी वर्षानुवर्षे पोखरलेल्या, आकसून कठीण झालेल्या यकृतात ती वाढते. म्हणजे रुग्णाला एकाच वेळी दोन व्याधी असतात आणि यांतील कोणती आधी प्राण घेईल, हे सांगता येत नाही. गाठ लहान असूनही यकृत थकल्यामुळे रुग्ण जातो. गाठ मोठी असूनही यकृत सक्षम असल्यामुळे तो तग धरतो. साहजिकच गाठीची खबर देणाऱ्या खुणेइतकीच यकृताची खबर देणारी खूणही महत्त्वाची ठरते. ती खबर अत्यंत साध्या तपासण्यांतून मिळते. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृत तयार करते; ते घटले, की कारखान्याचे उत्पादन मंदावले असे समजावे. बिलिरुबिन हे रंगद्रव्य यकृत बाहेर टाकते. ते साठू लागले, की निचरा तुंबला असे समजावे. चाइल्ड व टर्कॉट यांनी १९६४ साली मांडलेल्या आणि पग यांनी १९७३ साली सुधारलेल्या श्रेणीत या दोहोंबरोबर रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटात साठणारे पाणी आणि रुग्णाची शुद्ध यांचा विचार होतो. २०१५ साली तर केवळ अल्ब्युमिन व बिलिरुबिन या दोन आकड्यांवरून रुग्णांचे तीन गट पाडता येतात, असे अनेक देशांतील रुग्णांच्या नोंदींवरून दाखविण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होणाऱ्या या दोन तपासण्यांचे मोल यावरून लक्षात यावे.

परंतु भाकीत अचूक असणे आणि उपयुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या तपासणीमुळे पुढचा निर्णय बदलत असेल, तरच तिच्यावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. यकृतरोपणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दान मिळणारी यकृते थोडी आणि ती हवी असणारे रुग्ण फार, तेव्हा ती कोणाला द्यावयाची? १९९६ साली मिलान येथील वैद्यांनी त्यासाठी गाठीची मापे ठरवून दिली : एकच गाठ असल्यास पाच सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असल्यास प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत. फ्रान्सने २०१३ पासून या मापांच्या जोडीला रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनही धरले. आकडा हजाराच्या वर असेल, तर गाठ लहान असूनही रुग्ण यादीत येत नाही. तो शंभराच्या आत असेल, तर गाठ मापापेक्षा थोडी मोठी असूनही येऊ शकतो. येथे खूण केवळ भविष्य सांगत नाही, तर दुर्मीळ वस्तूचे वाटप करते. ते कठोर आहे खरे. पण ओळखीपाळखीवर किंवा पैशावर होणाऱ्या वाटपापेक्षा ते निश्चितच न्याय्य आहे.

औषधांच्या बाबतीत हिशेब अधिक नाजूक होतो. रामुसिरुमॅब या औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता आयुष्य लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते, त्यांना लाभ होत असावा असे वाटले. म्हणून केवळ अशाच रुग्णांवर दुसरी चाचणी झाली आणि २०१९ साली तिचा निष्कर्ष आला. औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ८.५ महिन्यांहून अधिक जगले. न घेणाऱ्यांत ही मुदत ७.३ महिने होती. एरवी दुश्चिन्ह मानला जाणारा आकडा येथे औषधाची पात्रता ठरला, हे शास्त्राचे यशच होय. परंतु मिळालेली मुदत सुमारे पाच आठवड्यांची आहे, ही गोष्ट रुग्णाच्या मुलाला कोणी साध्या मराठीत सांगते काय? पाच आठवडे अमोल असू शकतात. त्यांसाठी काय विकावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्या घराचा आहे, आणि माहितीवाचून तो अधिकार पोकळ ठरतो.

या संदर्भात मुंबईतील एका निर्णयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सोराफेनिब हे यकृताच्या प्रगत कर्करोगावरील पहिले परिणामकारक औषध. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने ही मुदत ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेली. भारतात बायर कंपनीचे हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च ८,८८० रुपये ठरला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. किमतीच्या लढाईतील तो मोठा विजय होता, यात शंका नाही. मात्र हे औषध ज्या रुग्णांवर पारखले गेले, त्यांचे यकृत जवळजवळ सर्वांच्या बाबतीत अद्याप चांगले काम करीत होते. ज्याचे अल्ब्युमिन घसरले आहे, बिलिरुबिन चढले आहे आणि पोटात पाणी साठले आहे, त्याला १०.७ महिन्यांचा तो आकडा लागू होत नाही. स्वस्त औषधही चुकीच्या रुग्णाला दिले तर महागच पडते. आणि योग्य रुग्ण कोणता, हे सांगणाऱ्या तपासण्या त्या औषधाहून कितीतरी स्वस्त आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रुग्णाला आकडे सांगितले तर त्याची उमेद खचेल, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु दोष आकड्याचा नसून तो वाचण्याच्या रीतीचा असतो. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले, याचा दुसरा अर्थ निम्मे त्यापलीकडे जगले, असा होतो. आणि त्यांतील काही बरेच पलीकडे जगतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली छातीच्या व उदराच्या आवरणाला होणारा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या रोगाची मध्यम मुदत आठ महिने होती. ते वीस वर्षे जगले. समूहाचा आकडा हा व्यक्तीचा निवाडा नव्हे, हे संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकविले जाते. तेच दवाखान्यात सांगावयास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे गर्दीमुळे मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. आणि ती दूर करणे हे रुग्णालये चालविणाऱ्यांचे काम आहे.

रक्तात तरंगणारे गाठीचे जनुकीय तुकडे आणि तत्सम नव्या खुणा यांवर जगभर संशोधन चालू आहे व ते चालू राहावे. परंतु या कर्करोगाच्या नित्याच्या उपचारांत त्यांचे स्थान अद्याप पक्के झालेले नाही. महागड्या तपासण्यांची यादी पुढे आली, तर रुग्णाच्या आप्तांनी एकच प्रश्न विचारावा : हा आकडा अमुक आला तर काय कराल आणि तमुक आला तर काय कराल? दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर ती तपासणी करण्याचे प्रयोजन उरत नाही.

हाच निकष लावला, तर सर्वांत मोलाची खूण कर्करोगाच्या कितीतरी आधी सापडते. १९८१ साली तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या, मुख्यतः सरकारी नोकरांच्या, पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूची खूण होती, त्यांना यकृताचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या २२३ पट आढळले. कचेरीत कागद पुढे सरकविणाऱ्या त्या कारकुनांच्या रक्ताने जगाला जे सांगितले, त्यावर तैवानने १९८४ साली नवजात बालकांच्या लसीकरणाचा निर्णय घेतला. आणि पुढील दशकभरात तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. भारतातही ही लस आता बालकांना मोफत मिळते. मात्र लस येण्यापूर्वी जन्मलेल्या कोट्यवधी प्रौढांचे रक्त अद्याप तपासले गेलेले नाही. शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या आणि एस. टी. आगारे येथे ही साधी तपासणी करणे, बाधितांना वेळीच औषध देणे आणि त्यांच्यावर नियमित देखरेख ठेवणे, यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. तज्ज्ञासमोर बसून ‘किती दिवस?’ असे विचारण्याची पाळी ज्या घरावर येऊ नये असे वाटते, त्या घरासाठी पैसा खर्च करण्याची वेळ हीच आहे.