दोन जेवणांचे एक जेवण

न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून निवांतपणे भोजन करण्याच्या पद्धतीस 1895 साली इंग्लंडमध्ये ‘ब्रंच’ हे नाव मिळाले. मुंबई-पुण्याच्या महागड्या कॅफेंत रविवारच्या या चैनीसाठी माणशी हजार-दीड हजार रुपये सहज मोजले जातात. नवीन जालन्याच्या सुखवस्तू वर्गालाही तिचे आकर्षण वाटले तर नवल नाही. वस्तुतः दोन जेवणांचे एक करणे मराठवाड्याला अपरिचित नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी सुकडीवर दिवस काढले. तेथे निवडीचे स्वातंत्र्य नव्हते, एवढाच फरक!

चांगले खाणे हा गुन्हा नव्हे. समाजवाद म्हणजे उपासमारीची समान वाटणी नव्हे. प्रश्न आहे तो शासन कोणाच्या ताटाचा भार हलका करते, हा. नोव्हेंबर 2017 पर्यंत वस्तू व सेवा कर वातानुकूलित उपाहारगृहांत 18 टक्के, तर साध्या उपाहारगृहांत 12 टक्के होता. बडी तारांकित हॉटेले वगळता दोहोंवर मग सरसकट 5 टक्के कर आला. मालकांची कर-वजावट दोन्हीकडे गेली. परंतु दरातील घट एकीकडे तेरा टक्के, दुसरीकडे सात!

महाराष्ट्रात 2024-25 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे एका ब्रंचचे मोल साडेतीन ते पाच दिवसांचे श्रम. जालन्याची मोसंबी त्या मेजावर पोहोचते. ती तोडणारा मजूर पोहोचत नाही. कार्यकर्त्यांनी कॅफेकडे पाहून नाके मुरडू नयेत. पुरेशी मजुरी आणि ऐपतीनुसार कर या मागण्या नेटाने लावून धराव्यात.