नकाशा रात्रीचाही हवा



गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांत बार्शीच्या एका भगिनीचं पत्र आहे. सासऱ्यांनी बांधलेल्या घराची त्यांना दुरुस्ती काढायची आहे. धाकट्या दिरांचं लग्न ठरलंय, तेव्हा एक झोपायची खोली वाढवायची आणि न्हाणीघर-संडास घरात आणायचा, असा बेत आहे. त्या लिहितात, 'इंजिनिअरनी प्रत्येक झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर दाखवलंय. ह्यांना ते पसंत आहे. सासूबाई म्हणतात, निजायच्या जागेला चिकटून संडास मला चालायचा नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण विचारलंच तर काय सांगू?'

अहो, विचारण्याची वाट कशाला पाहायची? स्वयंपाकाचा ओटा किती उंच हवा, हे हल्ली बाईला विचारतात. न्हाणीघर कुठे आणि केवढं, हे मात्र पुरुषमंडळी आणि इंजिनिअर परस्पर ठरवून मोकळे होतात. मुलांच्या आंघोळी, बादल्या, धुणं, म्हाताऱ्या माणसांची उठबस हे सगळं ज्या जागेत चालतं, तिथे दिवसातून दहा वेळा जाणारी बाईच असते. तेव्हा न विचारता सांगा. काय सांगायचं, ते आमच्याच घराच्या हकिगतीवरून सांगते.

आमचं साताऱ्याचं घर मामंजींनी १९७२ साली बांधलं. पुढे बैठकीची खोली, मग माजघर, त्याला लागून एक झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या कोपऱ्यात मोरी. मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरलं की परसात संडास. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी माजघरात झोपत. मोरीकडे जायचं तर त्यांच्या अंथरुणाशेजारून जावं लागे. म्हणून मी पहाटे साडेचारलाच उठून आंघोळ उरकून घेई. पावलांचा आवाज नको म्हणून पैंजण काढून ठेवी. पुढे त्याची सवय झाली, आणि एकदा सवय झाली की गैरसोय दिसेनाशी होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न ठरलं आणि दुरुस्ती निघाली. इंजिनिअरनी नकाशा आणला. सासूबाईंना बैठकीतून वेगळी काढलेली पुढची खोली, ऊनवाऱ्याची आणि रस्ता दिसणारी. आमच्या खोलीला लागून एक न्हाणीघर-संडास, वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेच्या खोलीला लागून दुसरा. परसातला जुना संडास पाडून तिथे फुलझाडं. कागदावर सगळं देखणं होतं. 'आणि आईंनी कुठे जायचं?' मी विचारलं. 'आजी तुमचं वापरेल की!' मुलगा म्हणाला. आई नकाशा पाहून काहीच बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांना लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरांकडे नेलं. वर्षातली ही दुसरी खेप. डॉक्टरांनी विचारलं, 'आजी, पाणी किती पिता?' आई आधी काही सांगेनात. मग हळूच म्हणाल्या, 'संध्याकाळी सहानंतर घेत नाही. रात्री उठावं लागतं ना.' 'कधीपासून?' 'परसात पाय घसरला होता एकदा, तेव्हापासून. झाली असतील आठ-दहा वर्षं.' पाय घसरल्याचंसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि ही बाई रात्री दोन वाजता मुला-सुनेच्या खोलीचं दार वाजवून आत येणार होती? त्यांनी पाणी आणखी कमी केलं असतं, एवढंच.

त्या रात्री मी मुद्दाम दोनचा गजर लावून उठले आणि आईंच्या पलंगापासून संडासापर्यंत चालत गेले. अडतीस पावलं, तीन उंबरठे, दोन पायऱ्या. दिव्याची तीन बटणं, त्यांतलं एक दाराच्या पलीकडे, म्हणजे अंधारातून गेल्यावर हाती लागणारं. सकाळी मी ह्यांना म्हटलं, 'नकाशा दिवसाचा झाला. आता रात्रीचा काढू या.'

आधी रांगोळी, मग विटा

कागदावरचे फूट आपल्याला कळत नाहीत, पण अंगणातले कळतात. टेप घ्या आणि नवी खोली, नवं न्हाणीघर खऱ्या मापात रांगोळीने जमिनीवर आखा. पलंगाच्या जागी सतरंजी, कपाटाच्या जागी पाट, कमोडच्या जागी स्टूल. दार उघडतं ती कमानही आखा. मग घरातल्या प्रत्येकाला आत चालून पाहायला सांगा. आम्ही दहा बाय दहाची खोली आखली तेव्हा कळलं की सहा फुटी रुंद पलंग मधे ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटच उरतात. पायथ्याशी साडेतीन फूट, तिथे कपाट ठेवलं की त्याचं दारही नीट उघडायचं नाही. तेव्हा पलंग एका भिंतीला लावायचा का, कपाट भिंतीत घ्यायचं का, हे विटा रचण्याआधी ठरलं.

एक सांभाळा. न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून लाकडी कपाट ठेवू नका. थोडीशी जरी ओल आली तरी आतली जरीची साडी आधी सांगते. ती भिंत पलंगाच्या उशालाही नको, पहाटेच्या बादलीच्या आवाजाने झोप मोडते.

खोलीला लागून, की बोळातून?

नवराबायकोला लागून न्हाणीघर असणं ही चैन नव्हे, हे मी स्वतःच्या साडेचारच्या आंघोळीवरून सांगते. पण घरातलं एकमेव न्हाणीघर कुणाच्या झोपायच्या खोलीतून असू नये. ज्यांची खोली त्यांना आडपडदा नाही, आणि बाकीच्यांना संकोच. एकाच न्हाणीघराला दोन खोल्यांतून दोन दारं हा उपाय कागदावर बरा दिसतो. पण एकजण पलीकडची कडी काढायला विसरतो आणि दुसरा रात्री दार ढकलत बसतो.

आम्ही मधला मार्ग काढला. माजघराला लागून असलेली आमची खोली आईंना दिली आणि पुढची आम्ही घेतली. माजघराचा तुकडा घेऊन तीन फुटी बोळ ठेवला आणि बाहेरच्या भिंतीला लागून पाच बाय आठ फुटांचं न्हाणीघर-संडास केलं. दार बोळात. आईंच्या दारापासून ते चार पावलांवर आहे आणि पाहुण्यालाही कुणाच्या खोलीतून जावं लागत नाही. 'निजायच्या खोलीत उघडत नाही, स्वयंपाकघरात उघडत नाही, खिडकी बाहेर आहे,' असं दाखवल्यावर आईंची हरकतही गेली.

मुलगा-सुनेचं न्हाणीघर बरोब्बर त्याच्यावर घेतलं. वर-खाली एकाच रेषेत असलं की पाइप सरळ उतरतात, भिंती कमी फोडाव्या लागतात. वरचं न्हाणीघर देवघरावर किंवा स्वयंपाकघरावर मात्र येऊ देऊ नका. भावनेचा प्रश्न आहेच, पण गळती लागली तर ती ओट्यावर ठिबकते.

परसातला संडास आम्ही पाडला नाही, दुरुस्त केला. सकाळी घाईच्या वेळी आणि गणपतीत घर भरलं की त्याचं मोल कळतं. जागा असेल तर घरात एक तरी संडास आंघोळीच्या जागेपासून वेगळा असावा. एकाची आंघोळ चालू असताना चौघांचा खोळंबा होत नाही.

आत काय कुठे?

सूनबाईने एकच मागणी केली, 'आई, कपडे घालायला कोरडी जागा हवी.' किती खरं! ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून सलवार चढवताना कितीजणींचा तोल गेला असेल. म्हणून दारातून आत आलं की आधी बेसिन, मग कमोड आणि शेवटच्या टोकाला आंघोळीची जागा, असा क्रम ठेवा. पाणी जाण्याची जाळी त्या टोकाच्या कोपऱ्यात. फरशीला चार फुटाला अर्धा इंच तरी ढाळ जाळीकडे हवा. कोरडी बाजू कोरडी राहते आणि रात्री येणाऱ्याचा पाय ओल्यात पडत नाही.

म्हाताऱ्या माणसांना खाली बसायचा संडास कितीही सवयीचा असला तरी गुडघे ऐकत नाहीत. आईंसाठी कमोड घेतला आणि परसातला जुन्या पद्धतीचाच ठेवला. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत धरायचे दांडे बसवले. टॉवेलच्या दांड्याला माणसाचा भार पेलत नाही, म्हणून हे दांडे वेगळे घ्यावेत आणि पक्क्या भिंतीतच बसवावेत. उंची गवंड्याला ठरवू देऊ नका. ज्यांना धरायचं आहे त्यांना स्टुलावर बसवून, उठताना हात आपोआप जातो तिथे पेन्सिलीची खूण करा.

आणि दार! लहान न्हाणीघराचं दार आत उघडत असेल आणि आतला माणूस दाराशीच पडला, तर बाहेरून दार ढकलता येत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारं घ्या आणि कुलूप असं घ्या की अडल्यावेळी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल.

गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत लावू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुदमरल्याचंही न कळता बेशुद्ध होतो, आणि असे मृत्यू आपल्याकडे झालेले आहेत. तो बाहेर उघड्या हवेत लावून आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. विजेचा गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळू लागताच ती तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा.

गवंड्याच्या मागे उभं राहायचं ते इथे

जुन्या घरात बऱ्याच भिंतींवर वरच्या मजल्याचा भार असतो. 'काढू की बाई ही भिंत' असं कंत्राटदार म्हणाला तरी इंजिनिअरनी पाहिल्याशिवाय दाराएवढंही भगदाड पाडू देऊ नका. वरच्या मजल्यावर नवी भिंत किंवा न्हाणीघर येणार असेल तरी त्यांना विचारा, कारण त्याचं वजन खालच्या स्लॅबवर येतं. नगरपालिकेची परवानगी लागते का, हेही आधीच पाहा.

दुसरं, टाइल्स लावायची घाई. गळती थांबवते ती टाइल्सखालची वॉटरप्रूफिंग. ती झाली की जाळी बंद करून न्हाणीघरात दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायला सांगा, पुरे दोन दिवस. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि खालून छत पाहा. आमच्या वरच्या न्हाणीघरात पहिल्याच रात्री पाइपाभोवती ओल दिसली. तेव्हा ती एका दिवसात निघाली. टाइल्सनंतर दिसली असती तर सगळं फोडावं लागलं असतं.

कात्रण करून ठेवावं

• नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे (२०१६) न्हाणीघर आणि संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० चौरस फूट जागा हवी, आणि रुंदी किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट. म्हाताऱ्या माणसाबरोबर आत कुणी उभं राहायचं असेल तर पाच फूट रुंदी बरी.

• दाराची मोकळी रुंदी शक्य तर ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट. वॉकर किंवा चाकाची खुर्ची त्यातून जाते. उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नको.

• फरशी खडबडीत, चकचकीत नव्हे. दुकानातच तुकड्यावर पाणी ओतून बोट फिरवून पाहा.

• दिव्याचं एक बटण पलंगावरून हाताला लागेल असं, दुसरं न्हाणीघराच्या बाहेर. बोळात रात्रभर बारीक दिवा.

• खिडकी बाहेरच्या हवेत उघडणारी. दुसऱ्या खोलीत उघडणारा झरोका उपयोगाचा नाही.

• कोनाडा, खुंट्या, साबणाची जागा बसल्या बसल्या हात पोचेल अशी.

बार्शीच्या भगिनींनी आता कुणी विचारण्याची वाट पाहू नये. आज रात्रीच सासूबाईंच्या पलंगापासून पावलं मोजावीत, उद्या येणाऱ्या जाऊबाईंचीही मोजावीत आणि मग अंगणात रांगोळी घेऊन बसावं. सासूबाईंना रांगोळीच्या त्या घरात फिरवून आणलं की निम्मं बोलणं तिथेच होईल.

आमच्या आईंच्या उशाशी आता तांब्या-भांडं असतं. रोज रात्री मी तो भरून ठेवते, आणि सकाळी उचलते तेव्हा हलका लागतो.