पळणारं युरेनियम आणि दगडाचा कण



नदीच्या वाळूत कधी लोहचुंबक फिरवलंय? आमच्या चौथीच्या मुलांनी फिरवलं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि वाळूतून ओढलं. वर काढलं तर काय, त्याला काळ्या कणांची दाढीच फुटलेली! हे कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. सह्याद्रीचा काळा दगड झिजतो आणि त्यातले हे कण वाळूत येऊन पडतात.

"बाई, हे कण काय कामाचे?" एकानं विचारलं. प्रश्न साधा, पण उत्तर भलतंच मोठं निघालं. ते आज तुम्हालाही सांगते.

आधी घरातली एक गोष्ट आठवा. काही गावांत हापशाचं पाणी भरताना अगदी स्वच्छ दिसतं. रात्रभर बादलीत ठेवलं की पिवळं पडतं आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. असं का होतं? जमिनीखाली हवा पोचत नाही, म्हणून लोह पाण्यात विरघळलेलं असतं. बादलीत त्याला हवेतला ऑक्सिजन भेटतो. लोहाच्या प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन जातो, त्याचा गंज होतो आणि गंज काही पाण्यात विरघळत नाही. तो मुकाट्यानं खाली बसतो.

आता युरेनियमकडे वळू. हा जड, किरणोत्सारी धातू. त्याचा स्वभाव मात्र लोहाच्या नेमका उलटा आहे, बरं का! ऑक्सिजन मिळाला की युरेनियमचा अणू सहा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. असं युरेनियम पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर दूरवर जातं. पण त्याला दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले, म्हणजे गेलेले चारच राहिले, की ते विरघळेनासं होतं. काळसर घनरूप घेतं आणि जागच्या जागी बसतं.

मग हे दोन इलेक्ट्रॉन द्यायचे कोणी? इथंच आपले काळे कण कामाला येतात. मॅग्नेटाइटमध्ये दर तीन लोहअणूंपैकी एकाजवळ देण्याजोगा एक इलेक्ट्रॉन शिल्लक असतो. पाण्यातलं युरेनियम कणाच्या पृष्ठभागाला चिकटतं. असे दोन लोहअणू आपला एकेक इलेक्ट्रॉन देतात. दोन लोह, एक युरेनियम, हिशेब चोख!

गंमत म्हणजे असं लोह नुसतं पाण्यात विरघळलेलं असलं, तर ही देवाणघेवाण फार रेंगाळते. त्याच पाण्यात लोहखनिजाचे बारीक कण असले तर ती झपाट्यानं होते. तालुक्यात विकणारेही असतात आणि घेणारेही. पण त्यांची गाठ पडायला आठवडी बाजार लागतो ना? खनिजाचा पृष्ठभाग म्हणजे असाच बाजार. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि बाजारही मोठा.

आता चला, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात जाऊ. तिथं कोलोरॅडो नदीच्या काठी रायफल नावाचं छोटं गाव आहे. गावाजवळ खनिजातून व्हॅनेडियम आणि युरेनियम वेगळं काढणारी गिरणी होती. ती १९५८ साली बंद पडली. धातू काढून उरलेला चोथा तसाच पडून राहिला. पुढं १९९६ पर्यंत तो उचलून दुसरीकडे नेला. जमीन वरून साफ झाली, पण युरेनियम तोवर खालच्या पाण्यात उतरलं होतं. पाण्यातून पोटात गेलेलं युरेनियम मूत्रपिंडांना अपाय करतं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

जमिनीखालचं सगळं पाणी उपसणार तरी किती? शास्त्रज्ञांनी २००२ साली वेगळाच बेत केला. त्यांनी जमिनीत ॲसिटेट सोडलं. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, त्यापासून हे तयार होतं. हा होता जिओबॅक्टर नावाच्या जिवाणूंचा खाऊ. आपण खातो आणि श्वासातल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो. हे जिवाणू ऑक्सिजनवाचून राहतात आणि आपले इलेक्ट्रॉन मातीतल्या गंजाला देतात, तसेच युरेनियमलाही देतात. खाऊ मिळताच त्यांची संख्या भराभर वाढली. काही विहिरींत तर नऊ दिवसांतच पाण्यातलं युरेनियम कमी होऊ लागलं.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे विष गेलं ना?"

शाब्बास! हाच खरा प्रश्न. आणि उत्तर आहे, नाही.

तुरटी फिरवलेलं पाणी आठवा. वर नितळ, पण गाळ तळाशी असतोच. कुणी हंडा ढवळला की पाणी पुन्हा गढूळ. रायफलमध्येही पुढं दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढले आणि पाण्यातलं युरेनियम पुन्हा चढू लागलं. खाली बसलेल्या युरेनियमला ऑक्सिजन भेटला, तरी ते पुन्हा विरघळू शकतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही सारी देवाणघेवाण अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. किरणोत्सार येतो तो आतल्या केंद्रकातून, आणि त्याला या व्यवहाराचा पत्ताही नसतो. युरेनियम विरघळलेलं असो की बसलेलं, ते किरणोत्सारीच राहतं. त्यातलं निम्मं संपायला सुमारे साडेचारशे कोटी वर्षं लागतात. आपण करू शकतो ते एवढंच, की त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. आणि एकदा बसवलं म्हणून पाठ फिरवायची नाही. विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं तपासत राहायचं.

म्हणून कुणी "आम्ही घाण साफ केली" असं म्हणालं, तर त्या मुलीसारखं विचारा, "गेली, की नुसती खाली बसली?"

करून पहा : पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वाळूतून फिरवा. कण कागदावर झटका आणि भिंगातून पहा. घाबरू नका, हे आपले साधे लोहखनिजाचे कण आहेत. काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात भेटूच!

तुमच्या बाई