निकालाआधी पट वाचा



"जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतच नाहीत" हे वाक्य राजापूर तालुक्यात एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि आता आपल्या वाडीच्या बैठकीतही ऐकू येते. सातवीतल्या मुलाला भागाकार जमत नाही, आठवीतल्या मुलीला इंग्रजीचा धडा वाचता येत नाही, असे दाखले दिले जातात. दाखले खोटे नाहीत. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. शाळेचा निकाल वाचण्याआधी तिचा पट वाचावा लागतो. पटावर कोणाची मुले आहेत, कोणाची निघून गेली, आणि जी उरली त्यांच्या वाट्याला किती शिक्षक आले, हे न पाहता दर्जा ठरवणे म्हणजे उपाशी माणसाला काट्यावर उभे करून वजन कमी भरले म्हणून त्यालाच बोल लावणे.

आधी पट घटला कसा ते पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये जवळपास १७ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आटला. त्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, कारण कमावता पुरुष मुंबईत आहे. कुटुंबच मुंबईला गेले की मूलही जाते. मागे राहिलेल्यांपैकी ज्यांच्या हातात चार पैसे आहेत ते मुलाला व्हॅनमध्ये बसवून मोठ्या गावातल्या इंग्रजी माध्यमात पाठवतात. मग जिल्हा परिषदेच्या सहावी-सातवीत कोण उरते? मजुरी करणाऱ्यांची मुले, बौद्धवाडीची, कुणबीवाडीची, धनगरवाडीची मुले, आणि घरोघरच्या मुली. भाऊ व्हॅनने जातो, बहीण चालत सरकारी शाळेत जाते, हे दृश्य आमच्या फिरतीत नवे नाही.

म्हणजे जातीची आणि वर्गाची एक चाळणी आधीच लागलेली आहे. चाळणीखाली जे राहिले त्यांची तुलना चाळणीवरच्यांशी करायची आणि फरकाला 'शिक्षकाचा आळस' म्हणायचे, हे समाजशास्त्र नव्हे. आळशी शिक्षक नसतात असे आम्ही म्हणत नाही. पण आळशी शिक्षकाने एक वर्ग बुडतो, धोरणाने वाडी बुडते.

याच तालुक्यातले दुसरे टोक पाहा. पडवे येथे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेही सरकारीच. तिथे सहावीपासून निवास, जेवण, पुस्तके आणि विषयवार शिक्षक मिळतात. नवोदयची मुले चमकतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिथे प्रवेश निवड परीक्षेने होतो आणि दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. अनुसूचित जातींसाठी किमान १५ टक्के जागा धरल्या तर बारा होतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके आणि त्यांच्यासाठी बारा जागा! नवोदय एक गोष्ट मात्र सिद्ध करते. खेड्यातले मूल पोटभर जेवले, त्याला गणिताला गणिताचा आणि भाषेला भाषेचा शिक्षक मिळाला, तर ते शिकते. मग हे बारा जणांनाच का? उरलेल्यांनी कोणता गुन्हा केला?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रे यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे तो सांगतो. आता १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसपेक्षा कमी असेल तर शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये, असा निकष त्याने आणला. शिक्षक संघटनांनी विरोध केला तो पगारासाठी, असा प्रचार झाला. प्रश्न पगाराचा नव्हता. कायदा म्हणतो तीन शिक्षक, शासन निर्णय म्हणतो शून्य. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना पुढे आली होती. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत, हे आकडे तेव्हा सांगितले गेले. त्या शाळांत कोणत्या समाजाची मुले आहेत, याची चर्चा मात्र झाली नाही.

बाबासाहेबांनी नेमकी हीच चर्चा केली होती. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे समोर ठेवले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रगत हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागास वर्ग अशी फोड करून प्राथमिक, माध्यमिक आणि महाविद्यालयीन अशा प्रत्येक पायरीवर कोण किती उरतो ते त्यांनी मांडले. वरच्या पायरीवर मागास वर्ग जवळजवळ नाहीसा होत होता. सरासरीत माणूस लपतो, फोड केली की दिसतो, ही त्यांची पद्धत. आज गळतीची पायरी चौथीवरून वर सरकली आहे. पाचवीनंतर शाळा लांब जाते आणि तिथेच आपली मुले, विशेषतः मुली, गळू लागतात.

आता विरोधी बाजू. "नऊ मुलांसाठी दोन शिक्षक कशाला? मोठ्या शाळेत मित्र मिळतील, प्रयोगशाळा मिळेल." या म्हणण्यात तथ्य आहे. एका वर्गात दोनच मुले असणे मुलांसाठी चांगले नाही, हे आम्हीही मानतो. पण मग क्रम बदला. आधी गाडी, आधी वसतिगृह, आधी मुलींची सुरक्षित ने-आण. नंतर शाळेचे एकत्रीकरण. नकाशावरचे तीन किलोमीटर जुलैत वहाळ भरला आणि सडा धुक्यात गेला की तीन राहत नाहीत. त्या वाटेने चालायला लागणारी मुलगी आधी गैरहजर होते, मग तिचे नाव कमी होते. बौद्धवाडी बहुतेक गावांत टोकाला असते, म्हणून प्रत्येक एकत्रीकरणात तिचे अंतर सगळ्यांत जास्त वाढते.

आणि आपल्या माणसांनाही विचारले पाहिजे. मुंबई मंडळ विहारासाठी वर्गणी काढते, जयंतीला गावी येते, हे चांगलेच आहे. पण गावच्या शाळेच्या पटाचा विषय मंडळाच्या सभेत कितीदा निघतो? पहिला मार्ग 'शिका' हाच सांगितला आहे ना?

काय करता येईल ते सांगतो. यूडायस प्लसमध्ये प्रत्येक शाळेची वर्गवार आणि प्रवर्गवार माहिती भरली जाते. ती काढा. पाच वर्षांपूर्वी आपल्या वाडीची किती मुले पाचवीत होती आणि त्यांतली किती आठवीत पोचली, ते नावांनिशी तपासा. बौद्ध मुलाची नोंद कोणत्या प्रवर्गात झाली आहे तेही पाहा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळाला आहे, पण दाखला नसेल तर शिष्यवृत्ती हातची जाते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, दुर्बल घटकांना प्रमाणात जागा लागते. त्या जागेवर आपली आई बसली आहे का? आठवीतल्या मुलांनी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का? निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आणि ही परीक्षा सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे.

ही माहिती कागदावर घेऊन ग्रामसभेत उभे राहा. शाळा वाईट आहे अशी ओरड करून शाळा बंद होते, ती सुधारत नाही. आकडे फोडून विचारले की शासनाला उत्तर द्यावे लागते. इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये ज्याला जागा नाही, त्या शेवटच्या मुलीसाठी गावची शाळा टिकली पाहिजे, आणि तिथे गणिताला गणिताचा शिक्षक असला पाहिजे. तो तिचा कायद्याने दिलेला हक्क आहे.

जय भीम!