'अनौरस' : विशेषण कोणाचे?

'उरस्' म्हणजे छाती. त्यावरून 'औरस' म्हणजे स्वतःपासून जन्मलेला. स्मृतिकारांनी क्षेत्रज, दत्तक इत्यादी पुत्रांहून त्याला वेगळे काढले व धर्मपत्नीची अट जोडली. परिणामी विधिपरिभाषेतील 'अनौरस' हे विशेषण व्युत्पत्तीच्या विरुद्ध जाऊन पित्याच्या रक्ताच्याच अपत्याला लागते. त्याचे मराठी पर्यायही निव्वळ समानार्थी नव्हेत. 'दासीपुत्र', 'लेकावळा' हे शब्द आईची पायरी दाखवितात. 'अक्करमाशी' बारा माशांच्या तोळ्यात एक मासा उणा, असे माणसाचे वजनच करतो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली हाच शब्द आत्मकथनाला शीर्षक म्हणून देऊन तो समाजावर उलटविला.

कायद्याची दिशाही लक्षणीय आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील कलम १६ (१९७६ ची दुरुस्ती) शून्य विवाहातील अपत्यास औरस मानते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबातील मातापित्यांच्या वाट्यातही त्याचा हक्क मान्य केला. म्हणजे विवाह अवैध, अपत्य मात्र औरस. अवैधता कृतीची असते, जन्माची नव्हे. पात्रचर्चेत 'अनौरस' हे विशेषण सहज योजणाऱ्या अभ्यासकांनी हा विवेक पाळणे अगत्याचे आहे.