माती एकीकडची, भाषा दुसरीकडची

‘ही माती आमची, म्हणून इथली भाषाही आमचीच’, हे वाक्य सीमाभागात आपण मराठीतूनही ऐकलंय आणि कन्नडमधूनही. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला ‘म्हणून’ काढून टाकावा. का, ते मादागास्करकडे बघितलं की कळतं.

हिंदी महासागरातलं हे जगातलं चौथं मोठं बेट. त्याचा पूर्वेकडचा जवळपास दोन तृतीयांश भाग कँब्रियनपूर्व खडकांचा, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुना. ईशान्येला आंतोंजिल उपसागराच्या परिसरात तर ३०० कोटी वर्षांपलीकडचे खडक आहेत आणि अनेक भूवैज्ञानिक त्यांचं नातं आपल्या धारवाडच्या प्राचीन भूखंडाशी जोडतात. अनमोड घाटातून आपण गोव्यात उतरतो, तिथला जुना खडकही त्याच वयाचा. आपण कवितेत ज्याला अनादी म्हणतो तो सह्याद्रीचा काळा कातळ यांच्यापुढे कालचं पोर, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा! मादागास्कर भारतापासून सुटलं ते सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. त्या ताटातुटीच्या काळातले ज्वालामुखीचे खडक उडुपीजवळ मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर आजही दिसतात.

म्हणजे जमिनीच्या नात्यानं मादागास्कर आपलं भाऊबंद. पण तिथली माणसं बोलतात मालागासी, आणि या भाषेची सख्खी बहीण सापडते थेट बोर्निओत, बारितो नदीच्या खोऱ्यात. होड्यांतून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी ती आणली. पुढे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे शब्दही तिच्यात मिसळले. खडकाची कुळी एकीकडे, भाषेची दुसरीकडे. म्हणून मालागासी तिथे उपरी ठरते का? मुळीच नाही.

यावर कोणी म्हणेल, मातीचा आधार सोडला तर मराठीची बाजू लंगडी पडेल. मला उलटं वाटतं. बेळगावात मराठीचा हक्क आहे तो इथली माणसं मराठी बोलतात, मुलांना मराठी शाळेत घालतात, मराठीत भांडतात आणि प्रार्थनाही करतात म्हणून. हाच न्याय कन्नडला आणि कोकणीलाही लागू. मातीला साक्षीला बोलावलं, तर ती कोणाच्याही बाजूनं बोलेल. तिनं आपल्यापैकी कोणालाच पाहिलेलं नाही.

यात माझा स्वार्थही आहे. माझं आडनाव ऐकून ‘तुम्ही घरी मराठी बोलता?’ असं विचारणारे अजून भेटतात. भाषा मातीतून आणि कुळातून उगवते असं मानलं, की माझ्यासारख्याला रोज पुरावा द्यावा लागतो. ती बोलणाऱ्याची मानली, की प्रश्नच मिटतो.

येत्या २७ फेब्रुवारीला आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून ‘या मातीची भाषा’ म्हणण्याऐवजी ‘या माणसांची भाषा’ एवढंच म्हणून बघूया.