बंदीच्या दोन महिन्यांतला टीव्ही

१ जूनला बोटी बंदरात परतल्या की आमच्या नाटे गावातली घरे भरतात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बाहेर धो धो पाऊस आणि घरात सगळी माणसे एकाच वेळी. दहा महिने समुद्रावर असलेला माणूस रिमोट मागतो आणि दहा महिने तो ज्यांच्या हातात होता, त्यांना तो सोडवत नाही. याच दिवसांत कोणी तरी म्हणते, "चला, एक ओटीटी घेऊन टाकू."

कोणते घ्यावे, हे गेल्या महिन्यात तीन वाचक भगिनींनीही विचारले आहे. आम्ही यात आधीच हात पोळून घेतले आहेत, म्हणून त्याची हकीकत आधी सांगतो.

आमच्या घरात सात माणसे. आम्ही दोघे, ऐंशी ओलांडलेली अम्मी, बोटीवर जाणारा धाकटा भाऊ, सूनबाई आणि दोन नातवंडे, एक नऊ वर्षांचा, एक चौदाची. मुलगा कुवेतला. दोन वर्षांपूर्वी ईदला तो आला, मोठा स्मार्ट टीव्ही भिंतीवर लावला, एका ॲपची वर्गणी स्वतःच्या इथल्या बँक खात्यातून सुरू केली आणि सुट्टी संपताच परत गेला. दोन महिन्यांत मुले त्या ॲपला कंटाळली. सूनबाईने ते टीव्हीवरून काढून टाकले. काढले म्हणजे बंद झाले, असे आम्हीही समजलो. पासबुक भरून आणले तेव्हा कळले की दरमहा २९९ रुपये कापले जात होते. सात महिने, २,०९३ रुपये. बंदीच्या दिवसांत एवढ्यात आमच्या घरी महिन्याचा तांदूळ येतो.

ॲप पुसल्याने वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊन 'रद्द' करावी लागते, नाही तर ज्या यूपीआय ॲपवरून किंवा कार्डावरून ऑटोपे चालू केला तिथून. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे पैसे आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कडकपणे लागू झाला. संदेश येतही होता, पण मुलाच्या इथल्या नंबरावर, आणि ते सिमकार्ड कुवेतमध्ये त्याच्या बॅगेत पडून होते. तेव्हा पहिला सल्ला हाच: वर्गणी कोणाच्याही पैशाने घ्या, नंबर मात्र घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. आमच्याकडे आता तो सूनबाईचा आहे.

आखातातल्या मुलाचा पासवर्ड वापरून काम भागवण्याचे दिवसही गेले. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खाते एकाच घरापुरते केले. शिवाय आपण ज्या देशात बसून पाहतो, तिथलेच चित्रपट दिसतात, खाते कुठेही काढलेले असो. त्याच कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले तेव्हा सर्वांत स्वस्त योजना १४९ रुपयांची होती, ती फक्त मोबाईल आणि टॅबलेटसाठी. टीव्हीवर पाहायचे तर १९९ पासून पुढे. शेजारच्या घरी १४९ भरून सगळे टीव्हीसमोर बसले आणि पडद्यावर काहीच येईना. दर बदलत राहतात, पण 'ही योजना टीव्हीवर चालते का' हा प्रश्न कायम विचारावा.

कोणत्या ॲपवर काय, हे थोडक्यात. झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी-लिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला एकत्र झाले. क्रिकेटवेड्यांना आठवत असेल, २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती आणि पुढच्या वर्षी पैसे मागू लागले. अ‍ॅमेझॉन प्राइमवर पैसे भरूनही जून २०२५ पासून जाहिराती आल्या. त्या नकोत तर वर्षाला आणखी ६९९. मराठी बातम्यांसाठी तर कोणी पैसे देऊच नयेत, बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. आणि काहीही विकत घेण्याआधी आपल्या मोबाईलच्या रिचार्जसोबत कोणते ॲप आधीच मिळालेले आहे का, ते पाहावे. आमच्या भावाच्या रिचार्जमध्ये एक होते, त्याला पत्ताच नव्हता.

एका मालिकेसाठी वर्षाचे पैसे भरू नयेत, असे आमचे ठाम मत आहे. २०१४ साली 'झिंदगी' वाहिनीवर पाकिस्तानी मालिका आल्या, तेव्हा आमच्याच काय, पलीकडच्या आळीतल्या वहिनींच्या घरीही रात्रीचे जेवण लवकर उरकायचे. पुढे त्या मालिका ॲपवर गेल्या. मे २०२५ मध्ये सरकारने पाकिस्तानातले कार्यक्रम बंद करण्यास ओटीटींना सांगितले. ज्यांनी तेवढ्यासाठीच वर्षाची वर्गणी भरली होती, त्यांच्याकडे वर्गणी राहिली आणि मालिका गेल्या.

आता तारेचे. आमच्याकडे फायबर खांबांवरून येते. फणसाची एक फांदी कोसळली की चार दिवस गेले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, तिथे नेट कुठले! वीज गेली की राउटरही जातो, त्याला छोटी बॅटरी जोडली तर तास-दोन तास निभावते, पण तार तुटली तर तिचाही उपयोग नाही. मग मोबाईलचे नेट टीव्हीला जोडायचे, आणि इथे गणित करावे. स्वच्छ एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खाते. दिवसाला दीड-दोन जीबीचे रिचार्ज असेल तर चित्रपट मध्यंतरापर्यंतही पोचत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा मध्यम केला की तेच काम साधारण पाऊण जीबीत होते. आमच्या डोळ्यांना तरी फरक कळला नाही.

मुलांच्या बाबतीत सूनबाईने जे शोधले ते सगळ्यांनी करावे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का असतो: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. चित्रपटगृहासारखे सेन्सॉर बोर्ड इथे नाही, शिक्का कंपनीच मारते. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचे कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे, पण ते कुलूप आपण लावायचे असते. आम्ही नातवाला लहान मुलांचे प्रोफाईल करून दिले आणि निश्चिंत झालो. तो शेजारच्या चौकोनावर बोट ठेवून मोठ्यांच्या प्रोफाईलमध्ये जात होता! पिन मोठ्यांच्या प्रोफाईलला हवा. चौदा वर्षांच्या नातीला मात्र पिनने अडवत नाही. ती काय पाहते ते विचारतो, कधी सोबत बसतो. ते जड जाते, पण तिच्या हातात फोनही आहेच.

आमची खरी चूक वेगळीच होती. नवा टीव्ही आला त्या दिवशी डिशचा जुना डबा काढून माळ्यावर टाकला. अम्मीला वाचता येत नाही, पण वाहिन्यांचे आकडे पाठ होते. इशाच्या नमाजनंतर ती सह्याद्री लावायची. नव्या टीव्हीवर आधी प्रोफाईल निवडायचे, मग चित्रांच्या रांगांतून जायचे. पाच प्रोफाईल होती, तिच्या नावाचे एकही नव्हते. ती काही बोलली नाही. पडवीत जाऊन बसायला लागली. पाऊस बघते, असे आम्हाला वाटायचे. भाऊ बंदीत घरी राहिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "अम्मी टीव्ही का बघत नाही?"

त्यानेच दुसऱ्या दिवशी नाक्यावरून डीडी फ्री डिशचा सेट आणला. एकदाच पैसे, मग महिन्याची वर्गणी नाही. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होते. मुसळधार पावसात तीही थांबते, पण सर ओसरली की आपोआप परत येते. अम्मीने दोन दिवसांत नवे आकडे पाठ केले. दूरदर्शनचे 'वेव्हज' नावाचे मोफत ॲपही नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यावरच्या जुन्या मालिका सूनबाई तिला दुपारी लावून देते.

यंदा एकाच ॲपची वर्गणी घेतली आहे, जूनपासून, महिन्या-महिन्याने. कोणते, ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या घरची माणसे वेगळी. मतदान झाले, अम्मीलाही विचारले. तिने क्रिकेटला मत दिले, भाऊ घरी बसतो म्हणून. ऑगस्टमध्ये बोटी गेल्या की ते बंद. २९ जुलैच्या चौकोनात सूनबाईने कॅलेंडरवर 'रद्द' असे लाल पेनाने लिहून ठेवले आहे, बर्फवाल्याच्या बाकीच्या शेजारी.